घोरपडे बाईंची वीत

घोरपडे बाईंनी मला पहिल्याच दिवशी आर्टरी फेकून मारली. आर्टरी म्हणजे रक्तवाहिनी दाबून धरायचा स्टीलचा चिमटा, दिसायला कात्रीसारखा आणि हाताला चांगला जड. तो माझ्या खांद्यावर आदळून खाली पडला, आणि मास्कच्या वरचे दोन डोळे माझ्याकडे रोखून बाई म्हणाल्या, तेही जर्मनमध्ये नव्हे, चक्क मराठीत, "पट्टी कुणाला दाखवतीस गं? शाळा भरलीय काय इथं?"

मी मिरजेची. पंधरा वर्षं तिथल्या ऑपरेशन थिएटरात सर्जनच्या हातात हत्यारं दिली, मग चाळिशीत जर्मन शिकले आणि स्टुटगार्टला येऊन तेच काम करू लागले. इस्पितळाचं नाव सांगत नाही, त्सुफेनहाउझेनच्या जवळ आहे एवढं पुरे. सर्जन लोकांचे राग मी जन्मभर पाहिलेत. पण साता समुद्रापार, जिथं सगळे 'बिट्टं' आणि 'डांकं', म्हणजे प्लीज आणि थँक्यू, म्हणत हळू आवाजात कामं करतात, तिथं कोल्हापुरी हेल काढून कुणी सर्जनबाई अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. खांदा ठणकत होता, डोळ्यांत पाणी होतं, आणि खरं सांगते, मला हसू येत होतं.

माझा गुन्हा एवढाच, की मी त्यांच्यापुढे मोजपट्टी धरली होती. पेशंटच्या लहान आतड्याचा काही भाग सडला होता, तो बाईंनी कापून टाकला होता, आणि उरलेलं किती ते मोजायचं होतं. पुस्तकात लिहिलंय तशी मी पट्टी आणि ओली केलेली टेप तयार ठेवली. बाईंनी ती झिडकारली, उजवा पंजा पसरला, आणि आतडं जिथून सुरू होतं त्या वळणावर अंगठा टेकवून करंगळीपर्यंत एक वीत टाकली. "एक." मग पुढे, "दोन." मराठीतच. समोरचा असिस्टंट डॉक्टर फोग्ट आणि भूल देणारी बाई, दोघं त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत मोजत होते. "अकरा" ला फोग्टची जीभ अडखळली तसा त्याच्या बोटांवर सुई धरायच्या चिमट्याचा फटका बसला.

हे मोजायचं काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लहान आतडं प्रत्येकाचं वेगळं असतं. एकाचं चार मीटर भरेल, शेजारच्याचं सात. बाहेरून बघून सांगता येत नाही. म्हणून किती कापलं याला काही अर्थ नाही. दोन मीटर कापलं म्हटलं तर एकाचं अर्धं गेलं, दुसऱ्याला पत्ताही लागायचा नाही. आत किती उरलं, त्यावर माणूस खाऊन जगणार की शिरेतून अन्न चढवून, हे ठरतं. आणि हा आकडा एकदा ऑपरेशनच्या रिपोर्टात गेला, की पुढचे सगळे डॉक्टर त्यावर चालतात. कुणी पोट पुन्हा उघडून बघत नाही.

फोग्टनं एकदा रिपोर्टात फक्त कापलेली लांबी लिहिली. बाईंनी तो कागद त्याच्यासमोर टराटरा फाडला आणि तुकडे त्याच्या कोटाच्या खिशात कोंबले. "किती कापलं ते खाटकाला विचारतात," त्या म्हणाल्या. "मला सांग, किती ठेवलंस."

आणि गंमत बघा, हीच बाई आतड्याला हात लावताना अशी हळुवार व्हायची, की बघत राहावं. आतडं ताणलं तर लांब भरतं, सैल सोडलं तर आखूड. चार मीटरचं पाच करणं काही अवघड नाही, जरा ओढलं की झालं. बाई ओढायच्या नाहीत. पंजा टेकवायचा, सरकवायचा, पुन्हा टेकवायचा. माणसांना मात्र सदान् कदा फरफटत न्यायच्या. कॉलर धरून, दंड धरून, एकदा तर फोग्टला कानाला धरून स्कॅन बघायला नेलं होतं. तेहतीस वर्षांचा बाप्या, घरी दोन पोरं त्याला!

वितीचं कोडं मला त्यांच्या घरी उलगडलं. एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, "एक वाजता ये, उशीर केलास तर दार उघडणार नाही," असं बजावलं. नवरा जर्मन, डिटर नावाचा, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला. गरीब गाय. तो मुकाट्यानं कांदा चिरत होता आणि बाई त्याच्यावर आणि तांबड्या रश्श्यावर एकाच वेळी ओरडत होत्या. ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "आमची आई अंबाबाईच्या देवळासमोर गजरे विकायची. हातानं मोजायची. कोपरापासून बोटापर्यंत एक हात. तिचा हात आखूड. गिऱ्हाईकं भांडायची, टेप आण म्हणायची. आई म्हणायची, माझा हात मान्य नसंल तर पुढं जावा."

"मग जायची?"

"एकजण जायचं न्हाई. तिच्यासारखी ताजी फुलं कुणाकडं नव्हती." मग त्यांनी आपला पंजा ताटाशेजारी पसरला. पुरुषासारखा रुंद पंजा. "माझी वीत बरोबर वीस सेंटिमीटर. एमएसला असताना पट्टीवर मोजली. तेव्हापासून मिलिमीटर हाललेली न्हाई. मशीन बिघडतं, टेप ताणती. हात खोटं बोलत न्हाई."

डिटर हळूच म्हणाला, "कुमू, रस्सा उतू जातोय." त्याला मराठी सगळं कळायचं. बाईंनी त्याच्या दिशेनं टॉवेल भिरकावला.

त्यांचा राग सगळ्यांवर सारखाच निघायचा. एकदा कानश्टाटच्या जत्रेत बिअरच्या तंबूबाहेर मारामारी झाली आणि एकाच्या पोटात तीनदा सुरा गेला. त्याला भर दुपारी आमच्याकडे आणलं. आत आम्ही रक्त उपसतोय आणि बाहेर त्याच्या भावानं धिंगाणा घातला. खुर्ची भिंतीवर फोडली. फोग्ट त्याला काही सांगायला गेला तर त्याचा गळाच धरला, माझा भाऊ मेला तर तूही मेलास म्हणाला. बाई शिवण संपवून बाहेर आल्या. अंगावरचा हिरवा गाऊन छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल. त्या सरळ चालत गेल्या आणि त्या दांडगटाच्या अशी एक कानफटात ठेवून दिली, की तो खालीच बसला.

"तुझा भाऊ जिवंत आहे," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या. "त्याच्या पोटात साडेतीन मीटर शिल्लक आहे. तुझ्या डोक्यात किती शिल्लक आहे ते तू मोज."

तो रडायला लागला. बाईंनी त्याच्यासाठी कॉफी मागवली आणि तो पिऊन होईपर्यंत शेजारी बसून राहिल्या. पर्सोनालआप्टाइलुंगकडून, म्हणजे नेमणुका आणि शिस्तीचं बघतं त्या खात्याकडून, दुसऱ्या आठवड्यात आबमानुंग आली. आबमानुंग म्हणजे लेखी ताकीद. ती त्यांची तिसरी. ड्रॉवरमध्ये चहापत्तीच्या डब्याखाली त्यांनी तिन्ही एकावर एक ठेवल्या होत्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले तिकडे येते.

एका सकाळी एक बाई आली. तिशीची असेल. नवऱ्यानं लाथांनी तुडवलं होतं. कामावर जायचे जाड बूट घालून. पोट उघडलं तेव्हा भूल देणाऱ्या बाईनं तोंड फिरवलं. आतडं ज्या पडद्याला धरून असतं तो पडदाच दोन ठिकाणी फाटून निघाला होता, यकृताचा चेंदा झाला होता. बाईंनी पाच तास हात चालवला. शिवलं, जोडलं, पुन्हा शिवलं. शेवटी मोजलंसुद्धा. "एकोणीस," म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज उजळला. एवढं उरलंय म्हणजे ही पोरगी खाईल-पिईल. दहा मिनिटांनी तिचं हृदय बंद पडलं. फोग्टनं किती वेळ छाती दाबली, तरी ते पुन्हा चालू झालं नाही.

बाई हात धुवायच्या खोलीत गेल्या. मी मागून गेले. त्यांनी ग्लोव्ह्ज काढले, नीट डब्यात टाकले, आणि उजव्या मुठीनं स्टीलच्या कपाटावर ठोसा मारला. एकदा नाही. तीनदा. तिसऱ्या वेळी कटकन आवाज झाला आणि तो कपाटाचा नव्हता. दारावरचा खड्डा अजून आहे, नवीन आलेल्यांना आम्ही दाखवतो.

करंगळीमागचं हाड मोडलं होतं. त्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले. बाई अडीच महिने घरी होत्या, आणि डिटरचे त्या काळात काय हाल झाले असतील ते देव जाणे. परत आल्या त्या "झालं, बरं झालं," म्हणतच. मूठ वळायची, चाकू धरता यायचा, गाठी पूर्वीसारख्या झरझर बसायच्या. सगळे खूश.

पण ग्लोव्ह्ज त्यांना मी चढवायची. पहिल्याच दिवशी मला जाणवलं, की करंगळी पूर्वीसारखी बाहेर फाकत नाही. जरा आत वळलेली राहते, आणि ग्लोव्हचं टोक रिकामं पडतं. मी ते बघितलं. मला कळलं. वीत आखडली असणार, एवढं न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. पण कुणी सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू, करत राहिले. आर्टरी लागेल याची भीती नव्हती. बाईंचा तोरा उतरलेला मला बघायचा नव्हता. घाबरटपणा तो घाबरटपणाच, त्याला दुसरं नाव द्यायचं कारण नाही.

त्यानंतर दीडेक महिन्यानं फ्राऊ रेनर, म्हणजे रेनरबाई, आल्या. त्सुफेनहाउझेनमध्ये बहिणीबरोबर बेकरी चालवायच्या. पन्नाशीच्या, गोऱ्यापान, पिठाची पोती उचलून दंड भरलेले. आतड्याला पीळ बसून बहुतेक सगळं काळं पडलेलं. बाईंनी काळं ते कापलं, उरलेल्याचं टोक पोटावर बाहेर काढून पिशवी लावली, आणि मोजलं. सात विती. रिपोर्टात गेलं, शिल्लक लहान आतडं एकशे चाळीस सेंटिमीटर.

"कमी आहे, पण भागेल," बाई म्हणाल्या. "नीट खाल्लं की वजन धरेल. वजन धरलं की टोक आत घेऊन मोठ्या आतड्याला जोडू."

वजन धरलं नाही. उतरत गेलं. महिन्यात आठ किलो गेले, मग आणखी सहा. अंगातलं पाणी पिशवीवाटे वाहून जायचं, मूत्रपिंडं संपावर जायची, त्या ॲम्ब्युलन्समधून यायच्या, सलाइन लावायचं, पुन्हा घरी. दर वेळी डॉक्टर जुना रिपोर्ट उघडायचे. एकशे चाळीस. म्हणजे पोट भरायला हवं. मग का भरत नाही? तर ही बाई खात नसणार. आहारतज्ज्ञ बाईनं वही दिली, खाल्लेलं सगळं लिहा. फ्राऊ रेनरनी लिहिलं. सकाळी सहा पाव, लोणी, अंडी, दुपारी मांस, बटाटे, सॉस. वहीवर कुणाचा विश्वास बसेना. एवढं खाऊन कुणी वाळतं का? कुणीतरी फाइलवर लिहिलं, पेशंटच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही. तिला मानसोपचाराच्या वॉर्डात तीन आठवडे ठेवलं. तिथं एक नर्स समोर बसून तिचं जेवण पाहायची आणि जेवल्यावर तासभर संडासला जाऊ द्यायची नाही, ओकून टाकेल म्हणून. पोटावर पिशवी असलेल्या बाईला!

घोरपडे बाई एकदा तिला बघायला गेल्या तेव्हा मी सोबत होते. पलंगावर जे बसलं होतं त्यात फ्राऊ रेनर ओळखू येत नव्हत्या. एक्केचाळीस किलो.

"तुम्ही खोटं बोलता," बाई कडाडल्या. "मी स्वतः मोजलंय. या हातानं."

"मी दिवसभर खाते, फ्राऊ डॉक्टर," ती म्हणाली. "मी झोपेतसुद्धा खाते. माझी बहीण साक्षीला आहे."

"बहीण खोटं बोलते!" बाईंनी जेवणाचा ट्रे उचलून तिच्या मांडीवर आदळला. सूप चादरीवर सांडलं. "खा! माझ्यासमोर खा!"

आणि तिनं खाल्लं हो. रडत रडत, चादरीवर सांडलेले बटाटेसुद्धा वेचून खाल्ले. मला तिथं उभं राहवेना. तेव्हा तरी माझं तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

त्यानंतर आठवड्यानं फ्राऊ रेनरचं बाहेर काढलेलं आतडं आत अडकलं आणि पोट पुन्हा उघडावंच लागलं. टेबलावर ती एवढीशी दिसत होती. बाईंनी अडकलेलं सोडवलं आणि म्हणाल्या, "आता सोक्षमोक्ष लावते." पंजा टेकवला. "एक. दोन." फोग्ट आणि भूल देणारी बाई सवयीनं बरोबर मोजायला लागले. "सहा. सात." सात वर बरोबर टोक आलं.

"बघा!" बाई ओरडल्या. "सात! एकशे चाळीस! खोटारडी, आईशप्पथ, पक्की खोटारडी बाई आहे!"

माझ्या डोक्यात काहीतरी सटकलं. आधी ज्या हातानं मोजलं त्याच हातानं पुन्हा मोजलं, तर आकडा दुसरा येईलच कसा? मी ट्रेवरची स्टीलची पट्टी उचलली, त्यांच्या पुढ्यातल्या हिरव्या कापडावर ठेवली आणि मराठीत म्हणाले, म्हणजे दुसऱ्या कुणाला कळू नये, "बाई, हात ठेवा."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं आता जे येईल ते येऊ दे. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर बाई पट्टीकडे बघत होत्या. मग त्यांनी अंगठा शून्यावर टेकवला आणि पंजा पसरला. करंगळी साडेपंधरावर थांबली.

त्यांनी डाव्या हातानं ती करंगळी धरली आणि बाहेर ओढली. जोरात. इतक्या जोरात की फोग्ट "नाइन, नाइन", म्हणजे नको नको, म्हणत पुढे आला. हाडाजवळ काहीतरी करकरलं, बाईंच्या कपाळावर घाम डवरला, पण करंगळी साडेपंधराच्या पुढे सरकली नाही. ओढत राहिल्या. शेवटी मीच त्यांचं मनगट धरलं. बाईंना असं धरून अडवायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कामावर परत आलात त्या दिवसापासून."

मला वाटलं, आता या माझा जीव घेणार. घेतला असता तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "टेप दे."

मी ग्लोव्ह्ज बदलून दिले. ओली टेप आतड्याच्या कडेनं ठेवत गेलो, न ओढता. एकशे नऊ भरलं. एकशे चाळीस आणि एकशे नऊ. ऐकायला फरक एवढासाच. पण टोक पोटावर काढलेलं असताना एकशे नऊवर माणूस कितीही खाल्लं तरी वाळतच जातो. तिला शिरेतून अन्न पहिल्या दिवसापासून हवं होतं. सहा महिने ती आमच्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होती, आणि आम्ही तिलाच चोर ठरवलं होतं.

बाईंनी तिथंच ठरवलं, टोक आत घ्यायचं आणि मोठ्या आतड्याला जोडायचं, म्हणजे निदान पाणी तरी धरून ठेवेल. एवढ्या खंगलेल्या शरीरात टाका धरेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. फोग्ट म्हणाला, थांबू या. "ही थांबून थांबून इथवर आलीय," बाई म्हणाल्या. टाके घालताना त्या एकदाही ओरडल्या नाहीत.

टाका धरला. हे आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. गळ्याजवळच्या शिरेतून अन्न चढवायला लागलो, आणि काही महिन्यांनी ते बंदही करता आलं. फ्राऊ रेनर आज बेकरीत उभ्या असतात.

बाईंनी हात मोडून परत आल्यापासूनच्या सगळ्या केसेस काढल्या. अकरा निघाल्या. एकेकाला स्वतः फोन केला, बोलावून घेतलं, तपासलं. बाकीच्या दहांना मुबलक आतडं होतं, त्यांना फरक पडला नव्हता. ते काम चालू असतानाच त्यांनी फ्राऊ रेनरचा नवा रिपोर्ट लिहिला. आमच्या विभागाचे शेफ, म्हणजे प्रमुख, सभ्य गृहस्थ. ते समजुतीनं म्हणाले, "अंदाज सगळेच करतात, फ्राऊ घोरपडे. नवा आकडा लिहा. जुन्याबद्दल काही लिहायची गरज नाही, वकील मागे लागतील." मी फाइल घेऊन दारात उभी होते. बाईंनी त्यांच्या टेबलावरचा कॉफीचा मग उचलला आणि त्यांच्या समोरच्या कागदांवर पालथा केला. म्हणाल्या, "आता हे सगळं नव्यानं लिहा. किती वेळ लागतो बघा." जुना आकडा आणि तो का चुकला, दोन्ही रिपोर्टात राहिलं.

त्या महिन्याच्या अखेरीस बाईंनी नोकरी सोडली. त्यानंतर चाकू धरला नाही. हायडेलबर्गला डिटरच्या आईचं घर होतं, तिकडे गेल्या. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा डिटरनं उचलला, आणि बाई बागेत आहेत म्हणाला. मला भेटायचं नसेल त्यांना. मी त्यांना दोष देत नाही. तीन शब्द मी सहा महिने आधी बोलले असते तर फ्राऊ रेनरचे हाल टळले असते, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही.

पण बाई मला आठवतात त्या फ्राऊ रेनरच्या खोलीत. ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी, जेवणाच्या वेळी. बाई मला म्हणाल्या, "चल. साक्षीदार पाहिजे." आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं. फ्राऊ रेनर उशीला टेकून बसल्या होत्या, गळ्याजवळ नळी, दंडांची कातडी लोंबत होती. बाई पलंगाशी उभ्या राहिल्या आणि रिपोर्ट वाचायला लागल्या. प्रस्तावना नाही, दिलगिरी नाही. आधीचं मोजमाप चुकीचं होतं. मोजणाऱ्या सर्जनच्या हाताला दुखापत झाली होती आणि तिनं तो हात तपासला नव्हता. शिल्लक लांबी एकशे नऊ सेंटिमीटर. आहाराबद्दल रुग्णानं दिलेली माहिती पहिल्या दिवसापासून खरी होती.

फ्राऊ रेनर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जवळ या."

बाई वाकल्या. फ्राऊ रेनरनी त्यांच्या थोबाडीत मारली. कुठून ताकद आली त्या काडीसारख्या हातात कोण जाणे! बाईंचा चष्मा उडून माझ्या पायाशी आला, सलाइनचा स्टँड धाडकन कोसळला, मशीन किंचाळायला लागलं. वॉर्डातली सिस्टर धावत आली. "काही नाही," बाई म्हणाल्या. "बाहेर व्हा." तिनं स्टँड उभा केला, मशीन बंद केलं आणि आमच्याकडे बघत बघत गेली. मी चष्मा उचलून दिला. एक काच तडकली होती.

"शेवटचं वाक्य पुन्हा वाचा," फ्राऊ रेनर म्हणाल्या.

बाईंनी वाचलं. आहाराबद्दल रुग्णानं दिलेली माहिती पहिल्या दिवसापासून खरी होती.

"पुन्हा. आणि दार उघडा."

बाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मी दार सताड उघडलं. कॉरिडॉरमध्ये जेवणाची ट्रॉली थांबलेली, दोन सिस्टर, वही देणारी ती आहारतज्ज्ञ, शेजारच्या खोलीतला एक म्हातारा पेशंट, सगळे वळून बघायला लागले. बाईंच्या गालावर चारही बोटं लालभडक उठली होती. त्या दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, कागद डोळ्यांसमोर धरला, आणि ऑपरेशन थिएटरात ओरडायच्या त्या आवाजात, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं, ते वाक्य तिसऱ्यांदा वाचलं.